मशीनवाली बाई

संपदाला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते आणि कामासाठी एकटीनं बाहेरगावी जायची तिची ही पहिलीच वेळ. तिची कंपनी बिदरमधली, लहानशी. शेतीची आणि जनावरांची यंत्रं विकायची. मुडबीच्या मेंढीपालक संघाचे अध्यक्ष उमाजी यांना लोकर कातरायचं मशीन चालवून दाखवायचं, एवढंच काम होतं.

"एक मेंढरू कातरून दाखव, चहा पी आणि परत ये," भीमसेन सर म्हणाले होते. "त्यात चुकण्यासारखं काही नाही."

सकाळी बिदरच्या नौबाद स्टॉपवर तिनं गुलबर्ग्याची बस धरली. हुमनाबादला गाडी बदलायची होती. मशीनची जड पेटी छातीशी धरून ती उतरली आणि बस फाटकाबाहेर गेल्यावर तिला आठवलं, दुसरी पिशवी वरच्या फळीवरच राहिली. माहितीपत्रकं, फोनचा चार्जर, जेवणाचा डबा, सगळं गुलबर्ग्याला निघालं होतं. ती स्टँडवरच्या कंट्रोलरकडे धावली. तो कुणाशी तरी कानडीत भांडत होता. "डेपोत कळवतो," एवढं मराठीत म्हणून त्यानं भांडण पुढं चालू केलं.

पुढं बसवकल्याणहून निघालेली मुडबीची जीप अर्ध्या वाटेत पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत संपदा सरांना फोन लावत बसली आणि तेवढ्यात फोननंही मान टाकली. उमाजींचा नंबर त्यातच होता.

मुडबीच्या स्टँडवर तिनं पानटपरीवाल्याला उमाजींचं घर विचारलं. त्यानं आधी पेटीकडं बघितलं.

"मशीन घेऊन आलाव का? कवापासून वाट बघायलेत तुमची. देवळाच्या मागं जावा, मांडव दिसंल."

मांडव? एका मशीनसाठी? संपदा चालता चालता जरा सुखावली आणि जरा घाबरलीही.

मांडव खरोखरच होता. नव्या साड्यांतल्या बायका, हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा गोड वास, माइकवरून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. एक तरुण बाई लगबगीनं पुढं आली. ही उमाजींची लेक, जगदेवी. तिनं संपदाच्या कपाळाला कुंकू लावलं.

"लई उशीर केलाव अक्का. लेकरू आत्ताच झोपलंय. उठलं की सुरू करू."

मेंढराला लेकरू म्हणतात, हे ऐकून संपदाला बरं वाटलं. जिवापाड जपत असतील. ती खुर्चीवर बसली आणि सरांनी शिकवलेले प्रश्न विचारू लागली.

"एकच आहे ना?"

"एकच की. वर्षाचं झालंय."

"आजवर एकदाही कातरलं नाही?"

"न्हाई. वस्तरा दिसला की आरडायलंय. न्हाव्याच्या मिशीलाच भेतंय. म्हणून म्हणलं, मशीनवाल्या बाईलाच बोलवावं."

मिशीला भिणारं मेंढरू संपदानं कधी ऐकलं नव्हतं. पण मेंढरांबद्दल तिला तसं काय माहीत होतं? तीन दिवसांचं प्रशिक्षण, तेही व्हिडिओवर.

"अंगावर गोचीड वगैरे नाहीत ना?"

"गोचीड?"

"बघून घ्यावं लागतं. आणि सकाळपासून खाऊ घातलं नसेल तर चांगलं. पोट भरलेलं असलं की उलटं करताना त्रास होतो."

जगदेवीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. "उलटं कामून करायचं?"

"पोटापासून सुरुवात करतात ना. पहिलीच वेळ आहे म्हणजे लाथा झाडणार. चारी पाय बांधले तर लवकर होईल."

आसपासच्या बायका जवळ सरकल्या. माइकवालाही हॅलो सोडून मान वळवून बघू लागला. जगदेवीची आई बाणूबाई पदर सावरत जवळ आली, तिनं पेटीचं झाकण उचलून आतलं वीतभर रुंद दातेरी पातं बघितलं आणि शांतपणे विचारलं,

"पोरी, तू काय कातरायला आलीस?"

"मेंढरू," संपदा म्हणाली.

तेवढ्यात आतून लहान मुलाचं रडणं ऐकू आलं, आणि संपदाला एकदम सगळं कळलं. कान तापले. पेटी उचलून पळावं असं वाटलं, पण पळायचं कुठं हेही कळेना.

मुडबीत उमाजी दोन होते. हे उमाजी पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांच्या नातवाचं आज जावळ होतं. बसवकल्याणच्या ब्यूटी पार्लरमधून दानेश्वरी नावाची मुलगी मशीन घेऊन यायची होती. मेंढरांवाले उमाजी गावाबाहेर, ओढ्यापलीकडे राहायचे, आणि त्यांच्याकडंही आज मशीनवालीच यायची होती.

"मग दानेश्वरी कुठं हाय?" जगदेवीनं विचारलं, आणि उत्तर कुणालाच नको होतं.

बाळाचा मामा महांतेश यानं संपदाला मोटरसायकलवर बसवलं. ओढ्यापलीकडं काटेरी कुंपणाच्या वाडग्यात शंभरेक मेंढरं होती आणि त्यांच्या मधोमध ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून एक मुलगी उभी होती. तिची पर्स छातीशी, डोळे रडून लाल. बाजेवर अध्यक्ष उमाजी हाताची घडी घालून बसले होते.

"नमस्कार. मी बिदरहून आले, मशीन दाखवायला," संपदा म्हणाली.

"मशीन बघितलं, बाई. दोन बोटं चाललं आन बंद पडलं. संघाला नको."

"ते माझं नव्हतं."

"मग कुणाचं व्हतं?"

"माझं," ट्रॉलीवरून दानेश्वरी म्हणाली. "मी सांगायले व्हते की ह्यांना. तुम्हीच म्हणलाव, आधी ह्याच्यावर चालवून दाखव."

अध्यक्षांनी आधी एकीकडं, मग दुसरीकडं बघितलं. "मग तू कामून आलीस?"

"जावळाला."

"मेंढराच्या?"

महांतेशला हसू आवरेना. तो बाजेच्या कडेला बसला आणि त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. अध्यक्षांना ते दोनदा ऐकावं लागलं. मग म्हणाले, "बरं, दाखवा तुमचं." पण वाडग्यातली वीज गेलेली होती आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. संपदा मटकन ट्रॉलीच्या चाकाशी बसली. आता तिला रडूही येईना.

"मांडवात जनरेटर हाय," महांतेश म्हणाला.

अशा रीतीनं अध्यक्ष, दानेश्वरी, संपदा आणि एक जाडजूड मेंढरू टमटममधून जावळाच्या मांडवात आले. संपदानं मेंढराला मांडीशी टेकवून बसवलं, पोटापासून पातं फिरवलं, आणि लोकर घोंगडीसारखी अखंड उलगडत गेली. मध्ये एकदा माइकची वायर ओढली जाऊन मशीन बंद पडलं. एकदा मेंढरानं लाथ मारून हुग्गीचं ताट उडवलं. पण काम पुरं झालं.

महांतेशच्या मांडीवर बसलेलं बाळ तोंड उघडं टाकून बघत होतं. रडायचं विसरलं होतं.

"आत्ताच करून घ्या," बाणूबाई हलक्या आवाजात म्हणाली.

दानेश्वरीच्या मशीनमध्ये लोकर अडकून बसली होती. संपदानं आपल्या ब्रशनं दाते साफ केले, तेलाचे थेंब सोडले, आणि ते पुन्हा गुणगुणू लागलं. मामाच्या मांडीवर जावळ निघालं. बाळाची नजर मेंढरावरून हलली नाही.

अध्यक्ष जेवून उठताना म्हणाले, "संघाच्या बैठकीत ठेवतो. व्हय का न्हाई, आज सांगत न्हाई."

संपदानं महांतेशच्या फोनवरून सरांना फोन लावला.

"कुठं होतीस? अध्यक्षांचा सकाळी फोन आला, मशीन बंद पडलं म्हणून. मग आत्ता आला, चांगलं चाललं म्हणून. मधेच म्हणाले, नातू गोड आहे. कुणाचा नातू?"

"दुसऱ्या उमाजींचा, सर."

"दुसरे कोण?"

संपदानं सांगायला तोंड उघडलं, पण नेमकी सुरुवात कुठून करावी हे तिला सुचेना. समोर जगदेवी तिच्यासाठी ताट घेऊन उभी होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"जेवून घेते सर, मग सांगते," ती म्हणाली.