हवेपेक्षा जड

जानेवारीत ऑस्टरबी बाईंनी वर्गात माशांची काचेची रिकामी टाकी आणली. तळाशी खायचा सोडा पसरला, वरून व्हिनेगर ओतलं आणि फसफस निवल्यावर टाकीत साबणाचे फुगे सोडले. फुगे खाली येता येता मधेच अधांतरी थांबले. पोरं खिदळली. मग बाईंनी तारेला बांधलेली पेटती मेणबत्ती आत सोडली. फुगे थांबले होते तिथवर गेली आणि विझली.

"दिसतंय का काही आत?"

"नाही."

"तरी टाकी भरलीय. कशी? गणित करा."

कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा दुणे बत्तीस. एकूण चव्वेचाळीस. हवा सरासरी एकोणतीस. जड ते खाली बसतं.

बाईंनी फळ्यावर दुसरं गणित मांडलं. हायड्रोजनचे दोन, गंधकाचे बत्तीस. चौतीस. "हा वायू तुमच्यातल्या निम्म्यांच्या गोठ्याखाली आहे, शेणाच्या हौदात. सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो यायचा थांबला तर गॅस गेला असं समजू नका, नाक मेलंय असं समजा. आणि आत कुणी पडलं तर मागोमाग उतरायचं नाही. कुणीही असो."

व्हेरीना आबेगलननं हे रात्री जेवताना घरी सांगितलं. सोळा वर्षांची पोर, शाळेत जे ऐकेल ते घरी सांगायची तिला सवय होती. तिचे बाबा रूडी हसले. "तुझ्या बाईंनी कधी गाईच्या सडाला हात तरी लावलाय का?"

"तीस वर्षं तोच वास खातोय आम्ही," डेलकाका म्हणाला. "आता पचलाय तो."

आईही हसली. विषय तिथेच संपला.

एप्रिलमध्ये, पेरणीआधी, विस्कॉन्सिनातल्या त्या भागात सगळेच हौद उपसतात. त्या शनिवारी सकाळी बाबांनी पंप लावून शेण ढवळायला घेतलं आणि तासाभरात पंप तुंबला. पेंढ्याचा बोळा अडकला असणार. बाबांनी पंप बंद केला, हौदाचं झाकण उघडून अ‍ॅल्युमिनियमची शिडी खाली सोडली आणि उतरले. गोठ्याच्या दारात व्हेरीना वासरांना दूध पाजत होती. काकाची हाक तिनं ऐकली, "रूडी? ए रूडी!" आणि वळून बघते तो काका शिडीवरून अर्धा खाली गेलेला.

"काका, नको!" ती ओरडली.

"अगं, पडलाय तो!" एवढंच म्हणाला. मग खाली काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. नंतर काहीच नाही.

व्हेरीना झाकणाशी गेली नाही. दूर उभं राहून तिनं फोन लावला, पत्ता सांगितला, दोन माणसं हौदात आहेत म्हणून सांगितलं. तिच्या आवाजात कंपसुद्धा नव्हता, हे फोनवरच्या बाईनं पुढे कुणाला तरी सांगितलं आणि गावभर झालं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई धावत आली. तिला एका नजरेत सगळं कळलं. ती थेट झाकणाकडे निघाली.

आईच्या आधी व्हेरीना पोचली. श्वास कोंडून तिनं शिडी ओढून वर घेतली आणि बाजूला भिरकावली. मग आईच्या कमरेला मिठी घालून तिला फरफटत बाहेर अंगणात नेलं.

"सोड! बाप आहे तुझा! सोड मला, कार्टे!"

आईनं तिच्या तोंडावर मारलं, केस उपटले, मनगटाला चावली. व्हेरीनानं सोडलं नाही. गावातली अग्निशमनची माणसं पाठीवर हवेची नळकांडी घेऊन आली तोवर वीस मिनिटं गेली होती. त्यांनी दोघांना वर काढलं. दोघंही गेले होते.

दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात शेजारणींनी हॅम आणि बटाट्याची ताटं मांडली. आई प्रत्येकीला तेच सांगत होती. "हिच्या हातात शिडी होती. हातात शिडी घेऊन उभी राहिली ही." बायका मान डोलवायच्या आणि व्हेरीनाकडे न बघता तिच्यापुढे ताट ठेवायच्या.

गाईंना सुतक नसतं. पहाटे पाचला दोघी धारेला उभ्या राहायच्या, एक या रांगेला, एक त्या. बोलणं बंद होतं. व्हेरीनाला मात्र एकच प्रश्न कुरतडत होता. बाबा शुद्धीवर आले असतील तर? त्यांनी शिडीसाठी हात वर केला असेल तर?

मे महिन्यात एका दुपारी शाळा सुटल्यावर आईच शाळेत आली. रबरी बूट पायांत तसेच. वर्गात ऑस्टरबी बाई आणि व्हेरीना दोघीच होत्या, राहिलेली परीक्षा चालली होती.

"माझ्या पोरीला काय शिकवलंत तुम्ही?" आई दारातूनच म्हणाली.

बाई उठून उभ्या राहिल्या. "कुणी हौदात पडलं तर मागोमाग उतरू नये, हे शिकवलं."

"बघत उभं राहायला शिकवलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "तेच शिकवलं."

आईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ती बाकावर बसली. "तो लगेच गेला का? खरं सांगा."

"शुद्ध एक-दोन श्वासांत जाते. हात हलवायचंही भान राहत नाही. हृदय मात्र काही मिनिटं चालू राहू शकतं."

"म्हणजे जिवंत होता."

"असू शकेल. पण लॉईस, तुम्ही उतरला असता तर त्याला वर आणू शकला नसता. तिसऱ्या तुम्ही असता."

"मला चाललं असतं," आई म्हणाली.

व्हेरीनाच्या हातातलं पेन थांबलं. "मला नसतं चाललं, आई."

आईनं तिच्याकडे पाहिलं. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच. पोरीच्या चेहऱ्यावरचा आपल्याच नखांचा ओरखडा आता पुसट झाला होता, तो ती बघत राहिली. बाई खिडकीकडे वळल्या. आई मग उठली आणि म्हणाली, "पेपर पुरा कर. गाडीत थांबते."

त्यानंतर आईनं कुणाकडे शिडीचं नाव काढलं नाही. एकदा दुकानात कुणीतरी काढलं तर "तिनं केलं ते बरोबर केलं," असं म्हणून ती बाहेर पडली. घरी मात्र हे तिनं व्हेरीनाला कधी सांगितलं नाही. व्हेरीनाला ते दुकानदाराच्या मुलीकडून कळलं.

गोठा दोघींनी दोन वर्षं चालवला. मग व्हेरीना शिकायला मॅडिसनला गेली. आई दर रविवारी फोन करायची, हवापाणी विचारायची, गाईंचं सांगायची, आणि व्हेरीना आणखी काही बोलेल या भीतीनं लगबगीनं फोन ठेवून द्यायची.