सुटा पाय

बुधरीने दोन्ही बाजूंच्या शेजारणींच्या कमरेमागून हात घातले, त्यांनी पुढच्यांच्या, आणि शाळेच्या अंगणात सात पोरींची ओळ जुळली. टोकाला चंदा होती, पहिलीतली. तिला मोकळा हात कुठे ठेवावा ते कळेना. बुधरीने मान वळवून गोंडीत तिला काहीतरी सांगितले, तशी चंदा हसली आणि तो हात तिने पाठीशी धरला.

पळसाच्या सावलीत बाकडे टाकलेले होते. त्यावर एका बाजूला खुशालभाऊ बसले होते, दुसऱ्या बाजूला बाबुलाल. दोघेही तालुक्याच्या जनपद सभेचे सभासद. धानोऱ्याहून निघाल्यापासून बैलगाडीत दोघांचे फारसे बोलणे झाले नव्हते, कारण ज्या कामासाठी निघाले ते बाबुलालनेच काढलेले होते आणि खुशालभाऊंना ते पटले नव्हते. शाळांतून मुलींचे अंगविक्षेपाचे नाच बंद व्हावेत आणि जी शाळा मानणार नाही तिची मान्यता काढून घ्यावी, असा ठराव त्याने सभेपुढे ठेवला होता. सभेने सांगितले, आधी दोघे जाऊन पाहून या.

इस्तारी गुरुजी बाकड्यामागे उभे होते. त्यांनी दुपारपासून तिसऱ्यांदा तेच सांगितले.

"भाऊ, ह्या सात पोरी मी घरोघरी जाऊन आणल्या. ह्या बुधरीची माय, मंगलीबाई, मले म्हणे, तुमच्या शाळेत पोरगी अक्षर शिकंल आन् पाय विसरंल, असी शाळा आम्हाले नोको. म्हणून शनिवारी त्याहीचा रेला नाच ठेवला. तो बंद झाला का सोमवारी एक पोरगी येनार नाई."

"पाहू तर द्या, गुरुजी," बाबुलाल म्हणाला.

गाणे सुरू झाले. आवाज खालच्या पट्टीत, एकमेकांत मिसळलेले. सात गुडघे एकदम वाकले, सात पावले डावीकडे सरकली, पुन्हा उठली. चंदाचा पाय दर वेळी चुकत होता, पण ओळ तिला उचलून पुढे नेत होती आणि तिला ते ठाऊकही नव्हते.

खुशालभाऊंची बोटे मांडीवर ताल धरू लागली. तीस वर्षे ते कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून झांजा वाजवत आले होते. चांगले पद लागले की डोळे भरून येत. लोक त्यावरून त्यांची थट्टा करीत आणि ते करू देत. आताही त्यांनी उपरण्याचे टोक डोळ्यांना लावले.

"तुमी रडून राह्यले का भाऊ?"

"नाई. कचरा गेला."

"वाकताना कंबर कशी जाते, ते पाह्यलं का?"

"एकादशीले आपले बुवा नाचतात, तवा त्यांची कंबर घरी राह्यते का?"

बाबुलाल हसला. "बुवा गुडघ्यावर लुगडं नाई नेसत, भाऊ."

"बुवा देवापुढं नाचतात. ह्याबी कोणापुढं तरी नाचत असतील. आपल्याले दिसत नाई, एवढंच."

"मले दिसते ते सांगतो." बाबुलालचा आवाज खाली आला. "मी बांबूच्या कामानं ह्या रस्त्यानं येतो-जातो. शनिवारी नाक्यावरचे दोन शिपाई त्या कुंपणाले टेकून उभे राह्यतात. काय बोलतात तेबी ऐकलं. माह्या पोरी नाईत ह्या. पण पोरीच आहेत ना?"

खुशालभाऊंनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खाली पाहत होते.

"मग शिपायांवर ठराव आना," खुशालभाऊ म्हणाले. पण बोलण्यात जोर राहिला नव्हता.

गाणे संपले. पोरी हात न सोडता तशाच उभ्या राहिल्या, धापा टाकीत, एकमेकींना कोपरांनी ढोसत. खुशालभाऊंना वाटले, आत्ता, इथेच याचा निकाल लागला पाहिजे. कीर्तनात एखाद्या पदाचा अर्थ लोकांना लागला नाही, म्हणजे बुवा ते पद थांबवतात, त्यातला अडलेला शब्द सुटा करून घेतात, हळू म्हणून दाखवतात. शब्द सुटा झाला की त्यात भलतेसलते काही नव्हते हे ज्याचे त्याला कळते. त्यांनी तसे शेकडो वेळा होताना पाहिले होते.

"बाई, तू इकडं ये," ते बुधरीला म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तो वाकायचा पाय आहे ना, तेवढाच दाखव. हळू. बाकीच्या राहू दे."

बुधरी समजली नाही. गुरुजी पुढे आले.

"भाऊ, रेला एकटीनं नाई नाचत."

"नाच नोको, गुरुजी. एकच पाय. सुटा केल्याबिगर बाबुलालभाऊंले अर्थ कसा लागंल?"

गुरुजींनी गोंडीत सांगितले. बुधरीने दोन्ही बाजूंचे हात काढून घेतले आणि ओळीतून बाहेर आली. ती गेली त्या ठिकाणी ओळीत भोक पडले. ते कोणी भरले नाही.

ती बाकड्यासमोर उभी राहिली. गाणे नव्हते. हात कुठे ठेवावेत ते आता तिलाही कळेना. तिने ते पोटाशी धरले, मग सोडले. तिने पाय डावीकडे टाकला आणि वाकली.

अंगण इतके शांत झाले, की तिच्या पायाखालचे वाळके पान वाजलेले ऐकू आले. सगळे जण तिच्या कमरेकडे पाहत होते. खुशालभाऊंच्या लक्षात आले, की आपणही तिकडेच पाहत आहोत. त्यांनी नजर काढून वळचणीला टांगलेल्या घंटेवर ठेवली.

"अजून एकडाव," बाबुलाल म्हणाला. तो पुढे झुकून, खरेच मन लावून पाहत होता.

बुधरीने गुरुजींकडे पाहिले. मग पुन्हा वाकली. या वेळी तिने एका हाताने लुगडे गुडघ्याखाली ओढून धरले होते.

"पाह्यलं?" खुशालभाऊ म्हणाले. "आहे का त्यात काही?"

बाबुलाल सरळ होऊन बसला.

"खोटं कायले बोलू. असं पाह्यलं तर काही नाई."

कुंपणापलीकडे मंगली, बुधरीची आई, येऊन उभी होती. डोक्यावरचा लाकडांचा भारा तिने खाली ठेवला होता. तिने तो उचलून पुन्हा डोक्यावर घेतला आणि पाठ वळवून चालू लागली. बुधरी कोणाला न विचारता तिच्या मागून गेली.

"चांगली पोरगी आहे," खुशालभाऊ म्हणाले.

सभा पंधरा दिवसांनी भरली. खुशालभाऊ बोलायला उभे राहिले तेव्हा एक-दोघे म्हणाले, आता भाऊ झांजा काढतात. पण ते छान बोलले. पाप पायात नसते, पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, असे म्हणाले. बाबुलालने स्वतः उठून ठराव मागे घेतला. लोकांनी टेबले वाजवली.

नाचांना मोकळीक देणाऱ्या नव्या ठरावाची नक्कल शाळेला टपालाने गेली असती. खुशालभाऊंनी ती मागून घेतली आणि शनिवार पाहून निघाले. रस्त्यात पळस फुलला होता. गाडीत एकटेच असल्यामुळे ते सबंध वाट पदे म्हणत गेले.

शाळेच्या दारात गुरुजींनी कागद वाचला, कपाळाला लावला आणि खिशात न ठेवता परत त्यांच्या हातात दिला.

आत सहा पोरी होत्या.

"बुधरी दिसत नाई?"

"येत नाई, भाऊ."

"काऊन? आता तर मोकळीक आहे."

गुरुजींनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेले नव्हते.

"घरीबी नाचत नाई म्हने. गावात लग्न होतं परवा. ओळीत उभी नाई राह्यली."

खुशालभाऊंनी उपरणे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग उगीचच मोठ्या आवाजात म्हणाले, "चला पोरीहो, आता तुमाले कोणी अडवनार नाई. सभेनं लिहून देल्लं आहे. रेला होऊ द्या."

गुरुजींनी ते गोंडीत सांगितले. सहाही पोरी लगेच उठल्या, अंगणात आल्या, आणि एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या. कोणीच कोणाच्या कमरेमागून हात घातला नाही. चंदाने गुरुजींना काहीतरी विचारले.

"काय म्हणते?"

"काही नाई, भाऊ. लहान आहे."

"सांगा तरी."

"विचारते," गुरुजी म्हणाले, "का एकेकटीनं दाखवायचं, का सगळ्यांनी."

खुशालभाऊंनी हातातल्या कागदाची घडी घातली, मग ती उलगडली. तोवर चंदा आपली आपणच पुढे आली होती. तिने कमरेचे फडके दोन्ही हातांनी गुडघ्याखाली ओढले आणि त्यांनी 'हूं' म्हणण्याची वाट पाहत त्यांच्यासमोर उभी राहिली.