पोटात कोंबलेलं लुगडं

मी ढोलक बोलतोय. कुडव्यात, भोजराजच्या घरी खिळ्यावर टांगलेला आहे. आवाज दबका वाटेल. पोटात कापड आहे माझ्या. दमानं ऐका.

सालेकसाच्या बकारामनं मला एकोणीसशे नव्याण्णव साली शिवणीच्या लाकडातून कोरलं. महिनाभर पोखरत होता. चामडं चढवून पहिली थाप मारली अन् भोजराजला म्हणाला, "घे. याले उपाशी ठेवू नको." न वाजवता ठेवू नको, असं म्हणणं होतं त्याचं.

भोजराज अन् रत्नपाल यांची गाण्याची पार्टी होती. गाणी रत्नपाल स्वतः बांधायचा. धानाच्या रोवणीची, राइस मिलमधल्या बायांची, विहारात शिकणाऱ्या पोरींची. दुसऱ्याचं गाणं आम्ही कधी वाजवलं नाही. गोंदियात केशोरावचा दुकानावरचा छोटा हॉल होता, साठ खुर्च्यांचा. रविवारी दुपारी तिथं वाजायचो. पहिल्या ओळीतल्या माणसाला माझी थाप खुर्चीत जाणवायची.

निघण्याआधी भोजराजची बायको, कुसुमबाई, मला चुलीपाशी शेकायची. चामड्यावर बोट मारून म्हणायची, "आता बोलते." तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची खोळ तिनंच मला शिवली होती.

तेरा वर्षं असंच चाललं. मग केशोरावनं हॉलमध्ये कम्प्युटर आणला.

"पब्लिकले सीडीसारखा साफ आवाज पाहिजे, भाऊ. ढोलक मशीनमध्ये भरला आहे. तुमी सिर्फ हाथ घुमवा."

रत्नपालनं खाली मान घालून होकार दिला. हा हॉल सुटला तर गायचं कुठं? भोजराज माझ्या दोऱ्या चाचपत बसला. तेच मला लागलं.

तालमीत घोळ झाला. शेवटच्या कडव्याला गाणं पळवायची आमची रीत. मशीन पळेना. भोजराजचा हात सवयीनं पळाला, गाणं विस्कटलं. केशोराव ओरडला, "याचा आवाज बंद करा पहिले!"

भोजराजनं माझ्या दोऱ्या सोडल्या. एका बाजूचं चामडं उतरवलं अन् जवळ होती तीच खोळ पोटात कोंबली. पुन्हा दोऱ्या आवळल्या. मी शांत जीव आहे. पण हा राग अजून गेला नाही. परक्यानं कोंबलं असतं तर सोसलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी कुसुमबाईनं विचारलं, "अजी, शेकाले नाही देत काऊन?"

"आज गरज नाही."

"अन् याची खोळ कोठी गेली?"

भोजराज मला उचलून चालता झाला. तीही मागून आली, पहिल्या खुर्चीत बसली. गाणं रंगात असताना भोजराजनं कपाळाचा घाम पुसायला हात उचलला. मशीनमधला ढोलक वाजतच राहिला.

"वा रे वा! हा तं हात न लावता वाजवते!" मागून कोणी ओरडलं. सारा हॉल हसला. कुसुमबाई हसली नाही.

घरी येऊन तिनं मला मांडीवर घेतलं, एक थाप मारली. थप्प. गादीवर मारल्यासारखी.

"याचं तोंड बंद केलं तुमी. तेही माज्या लुगड्यानं?"

त्यानं तिच्या मांडीवरून उचलून मला खिळ्याला टांगलं.

रत्नपाल आता एकटाच मशीनवर गातो. केशोरावचं काय, तो खुर्च्या भरल्या का तेवढंच पाहणारा माणूस. माझा राग तुझ्यावर आहे, भोजराज. जेवताना तुझी बोटं ताटाच्या काठावर ठेका धरतात, मी रोज पाहून राहिलो. चूल पेटली की कुसुमबाई माझ्याकडे पाहते, तेही पाहतो.

वाजवायची लाज वाटत असेल तर नको वाजवू. पण दोऱ्या सोड. लुगडं तिचं आहे. तिचं तिला दे.