आठवणीचं पाणी

गाळण्यात अडकलेली वेलदोड्याची साल... तिच्याखालून उतरणारं पाणी आता चहाच्या रंगाचं, म्हणजे पुरावा नष्ट. वल्लरीनं गाळणं सिंकच्या कडेवर दोनदा आपटलं आणि कप ट्रेमध्ये मांडले.

सकाळपर्यंत हेच पाणी बाटलीत होतं, बाटलीवर तिच्याच अक्षरात ‘ओतू नये’. दिसायला साधं – पण त्यानं थंडीत, दाबाखाली, शिरढोणच्या गोठ्यांतल्या शेणापासून काढलेला मिथेन कितीदा तरी आपल्या बर्फाच्या पिंजऱ्यात कोंडला होता, आणि वितळल्यावरही ते विसरलं नव्हतं. पुन्हा प्रयोगाच्या नळकांड्यात घातलं की थोड्याच वेळात गॅस गिळायला लागायचं, दाबाचा काटा खाली यायचा. कोरं पाणी दिवसभर ढिम्म. हा शोध वल्लरीचा. उकळलं की पाणी सगळं विसरतं, हाही तिचाच. दुसऱ्याबद्दल प्रयोगशाळेचे प्रमुख अविनाश सर यांनी विचारलं नव्हतं... पहिल्याबद्दल तरी कुठे विचारलं होतं? पेपरात फोटो आला : सर, नळकांडं, आणि कडेला एक कोपर. करंजाड्याच्या घरी आईनं कात्रण फ्रिजला लावलं. “कोपर तुझंच आहे गं, तीळ दिसतोय.” मग शेजारच्या काकूंना बोलावून तीळ दाखवला. वल्लरीच्या मनात आलं, इतकं शिकून माझं काय छापून आलं, तर कोपर – आणि कोपरानं सही करता येत नाही.

बाहेर पुण्याचे पाहुणे बसले होते. त्यांना पटलं तर पैसा येणार, पैसा आला की सरांच्या नावाचा प्रकल्प. सरांनी आत डोकावून, बाळा, तेवढा चहा बघ, म्हटलं होतं. बाळानं बघितला. नळकांड्यात फिल्टरचं कोरं पाणी भरूनच बघितला.

“आज चहा काही वेगळाच झालाय,” सर म्हणाले.

“पाणी चांगलं होतं सर.”

मग सर बोलू लागले – तिच्याच वाक्यांत, ती थांबायची तिथेच थांबत. पाणी विसरत नाही, माणसं विसरतात. पाहुणे हसले. हा विनोदही तिचाच, डबा खाताना केलेला. दाबाचा काटा खाली यायला हवा होता. आला नाही. सरांचे कान लाल झाले, अगदी तिनं रात्रभर मनात रंगवले होते तितके; आणि ती घोटाघोटानं ते दृश्य पीत राहिली...

“म्हणजे पाण्याला आठवण वगैरे काही नसतं तर,” एक पाहुणा कप खाली ठेवत म्हणाला.

असतं! – ती म्हणाली नाही. खोटे सर ठरत नव्हते, पाणी ठरत होतं. तिचं पाणी. आणि ते खरं होतं याचा पुरावा या खोलीत होता, सगळ्यांच्या पोटात, वेलदोडा घातलेला... सर पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. “वल्लरी?” सगळ्या माना वळल्या. ती काट्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते – धर... धर ना रे... – ज्या पाण्याला तिची काही ओळख नव्हती, त्याला ती विनवत होती, आणि हाताचा तळवा केव्हाचा कोपरावरच्या तिळावर घट्ट दाबलेला.