कोर्पिवारात कोणी बोललं नाही

तुम्ही खोटं बोललात. लेखी बोललात, सहीशिक्क्यानिशी बोललात, आणि तेही कोर्पिवाराची कॉफी पोटात घालून. शाळा बंद करायला गावाचा विरोध नाही, असं तुम्ही वर कळवलंत. तुमचं नाव इथे घेणार नाही, कारण नाव घेतलं की एकच माणूस वाईट ठरतो आणि त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवरचे सगळे सुटतात. तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. राइली कार्पिनेनलाही ठाऊक आहे. पण ती तुम्हाला दोष देतच नाही. अजूनही स्वतःलाच देत बसलीय.

राइली कोर्पिवारा गावातल्या शाळेची बाई. शिकवणारीही तीच आणि मुख्याध्यापिकाही तीच. शाळा म्हणजे दोन वर्ग, एक स्वयंपाकघर आणि एक दालन. त्याच दालनात व्यायाम, तिथेच जेवण, तिथेच नाताळचं नाटक. पहिली ते सहावीची सगळी पोरं एकमेकांची भावंडं नाहीतर चुलत भावंडं. एकाला सर्दी झाली की सोमवारपर्यंत सगळी शाळा नाक ओढायची.

जानेवारीत पालिकेकडून कळलं, की फेब्रुवारीत समिती येणार, शाळा बघणार, मग गावाचं म्हणणं ऐकणार. राइलीने तारीख मागून घेतली. म्हणाली, शाळेच्या स्कीच्या शर्यतीच्या दिवशीच या. तिचा हिशोब साधा होता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात अशीच सभा झाली. लोक ओरडले, एक आई माइक धरून ढसाढसा रडली, तिचा फोटो पेपरात छापून आला, आणि शाळा बंद व्हायची ती झालीच. राइलीने तो फोटो बघितला तेव्हाच ठरवलं, आपल्याकडे कोणी रडणार नाही. शाळा जशी आहे तशी दाखवायची, आणि डोळे असलेला माणूस काय ते बघेल.

तारीख ठरली त्या संध्याकाळी ती बर्फाच्या मैदानावर गेली. हेइनो मोइलानेन पाइप धरून उभा होता. थंडी पडली की शाळेच्या अंगणात पाणी सोडून स्केटिंगचं मैदान तयार करायचं काम त्याचं. कोणी दिलं नव्हतं, त्याने घेतलं होतं. एक थर टाकायचा, गोठू द्यायचा, परत दुसरा. मिशीला बर्फ लागलेला, आणि तोंडात कायम कसली तरी कुरकुर.

"हेइनो, पालिकेची माणसं येणार आहेत. बर्फ एकदम गुळगुळीत हवा."

"का, घसरून पडायला हवीत म्हणून?"

"थट्टा नको. आणि त्या दिवशी तुम्ही काही वाकडं बोलू नका, आधीच सांगून ठेवते."

"मी कधी बोलतो गं? माझ्या बायकोला विचार. लग्नात 'हो' म्हणालो, ते शेवटचं."

"तेही पाद्रीबुवांना दोनदा विचारावं लागलं, असं ऐकलंय."

"ऐकू आलं नव्हतं," हेइनो म्हणाला आणि पाइप पुढे ओढत निघून गेला. त्याची नात साइमी तिसरीत होती. शाळा गेली तर काय होईल, हे त्याने कधी तोंडातून काढलं नाही. फक्त त्या वर्षी मैदानावर नेहमीपेक्षा जास्त थर पडले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. तुम्हाला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांना आहे. कोर्पिवारात पाहुण्याच्या तोंडावर कोणी 'नाही' म्हणत नाही. कोणी जंगलाचा तुकडा विकत मागायला आलं, तर त्याला आत बसवतात, कॉफी देतात. तो आपलं म्हणणं मांडतो. घरधनी चमचा ढवळत राहतो, खिडकीतून बाहेर बघतो. मागणारा थोडा वेळ थांबतो, कॉफी संपवतो, आभार मानतो आणि टोपी घालून निघतो. झालं, नकार दिला गेला. कोणाचा अपमान नाही, आवाज नाही. होकार द्यायचा असेल तरच तोंड उघडायचं आणि हात पुढे करायचा. आजूबाजूच्या सगळ्या गावांत हेच चालतं. इथल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं.

शर्यतीचा दिवस उजाडला तो कडक थंडीचा आणि स्वच्छ. समितीचे तुम्ही तिघं गाडीतून उतरलात. तुमच्याबरोबरच्या दोन बायकांच्या पायांत शहरातले पातळ बूट होते. त्या अंगणातच पाय आपटत राहिल्या. तुम्ही मात्र लोकरीचे मोजे आणि जाड बूट घालून आला होतात आणि सरळ ट्रॅककडे चालत गेलात. राइलीने ते बघितलं. तिला बरं वाटलं.

कोर्पिवाराची शर्यत इतर ठिकाणांसारखी नसते. जो पहिला येतो त्याला बक्षीस लगेच मिळत नाही. त्याने उलट्या दिशेने परत जायचं आणि सगळ्यात शेवटी राहिलेल्याला सोबत घेऊन यायचं. दोघं मिळून रेषा ओलांडली की मग शर्यत संपली. त्या दिवशी सहावीतला योना पहिला आला आणि परत फिरला. शेवटी राहिली होती साइमी. ती कायमच शेवटी. झाडाखाली स्की आडव्या करून ती बसली होती.

"काय गं, झोपलीस का इथे?" योना ओरडला.

"ससा होता."

"कुठाय?"

"तू बोंबलत आलास ना, गेला पळून."

"मग चल आता. माझं बक्षीस तुझ्यापायी गोठून जाईल."

दोघं भांडत भांडत रेषेवर आली. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. तुम्ही फोटो काढलात. हसलातही. खरं हसलात, राइली शपथेवर सांगते.

मग दालनात वाटाण्याचं दाट सूप, त्यावर मोहरी. ओव्हनमधलं जाड पॅनकेक. आउनेने, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी, दलदलीतल्या पिवळ्या बोरांच्या मुरांब्याची बरणी काढली. ती बरणी नाताळातही उघडली नव्हती. तुमच्या बशीत तिने दोन चमचे वाढले, बाकीच्यांना एकेक. पोरं भिंतीशी चटईवर बसली, मोठे बाकांवर. कॉफी फिरली. तुम्ही उभे राहिलात.

"गुणी मुलं आहेत," तुम्ही म्हणालात. "अशी मुलं कुठेही रुळतील."

'कुठेही' या शब्दावर राइलीने हातातला कप खाली ठेवला.

"पालिकेचा प्रस्ताव तुम्हाला माहीतच आहे. येत्या शरदापासून मुलांना टॅक्सीने मोठ्या शाळेत न्यायचं. आम्ही गावाचं म्हणणं ऐकायला आलोय. कोणाला काही म्हणायचंय?"

कोणी काही म्हणालं नाही.

ती शांतता ज्यांनी अनुभवली त्यांना विचारा. आउने किटली धरून उभी होती, ओतत नव्हती. हेइनो भिंतीवरच्या व्यायामाच्या लाकडी पट्ट्यांकडे बघत होता, जणू आजच मोजून संपवायच्या होत्या. योनाचे वडील चमचा ढवळत होते, आणि कपात तर कॉफी उरलीच नव्हती. बाकावरच्या एकूण एक माणसाने आपल्या परीने तुम्हाला उत्तर दिलं होतं. सगळं दालन 'नाही' म्हणत होतं, आणि इतक्या जोरात कोर्पिवारा आजवर कधी 'नाही' म्हणालं नव्हतं.

राइलीकडे बोलायला वाक्य होतं. रात्र रात्र घोळवलं होतं तिने ते. 'ही शाळा गेली तर हे गाव म्हणजे नुसती घरं उरतील', एवढंच. ते तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात भिंतीपाशी एक हात वर गेला. साइमीचा. वर्गात करायची तसाच, सरळ, बोटं जुळवून.

राइलीने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होता. मोठ्यांच्या सभेत लहानांनी बोलायचं नाही. साइमीचा हात खाली आला, आणि तिने तो मांडीखाली घालून टाकला.

आणि त्याच वेळी तुम्ही तुमचा कप बशीत उपडा घातलात.

जुनी माणसं घालतात तसा. पुरे, आता ओतू नका, असं सांगायला. तुमच्याबरोबरच्या बायकांचे कप अर्धे तसेच पडले होते. तुमचा उपडा. आउनेच्याने राहवलं नाही.

"कुठले हो तुम्ही?"

"पलीकडच्या तळ्याकाठचा," तुम्ही म्हणालात. "आमचीही शाळा अशीच होती. सूपसुद्धा हेच. फक्त मुरांबा एवढा चांगला नव्हता."

लोक हसले. राइलीच्या मनावरचं सगळं ओझं उतरलं. हा माणूस आपल्यातला आहे. याला उलगडून सांगायला नको. तिने जिभेवरचं वाक्य गिळलं. आनंदाने गिळलं, हे सगळ्यात वाईट.

तुम्ही बाकांवरून नजर फिरवलीत. एकेका चेहऱ्यावर थांबलात. सावकाश मान हलवलीत.

"बरं. समजलं," म्हणालात.

गाडी गेल्यावर अंगणात हेइनो राइलीजवळ येऊन उभा राहिला.

"जमलं म्हणायचं?"

"जमलं."

"माणूस कामाचा वाटला. कप बघितलास?"

"बघितला."

"मग झालं," हेइनो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून चक्क शिट्टी निघाली. आउनेने उरलेला मुरांबा तुमच्या गाडीत ठेवला होता, बरणीसकट. ती बरणी परत आली नाही.

मार्चमध्ये आउने बटाटे सोलत असताना रेडिओवर सांगितलं. गावाचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं. विरोध नोंदवला गेला नाही. शाळा उन्हाळ्यापासून बंद. आउनेने सोलणं थांबवलं नाही. राइली दारात उभी होती. "ते दुसऱ्या कुठल्या तरी गावाबद्दल असेल," आउने म्हणाली. राइलीने रेडिओ बंद केला.

तिने पालिकेत फोन लावला. पलीकडे एक पोरगी होती, आवाजावरून तरी तरुण, आणि सभ्य.

"सभेत कोणीच काही बोललं नाही ना, मॅडम."

"नाहीच बोललं. म्हणूनच."

"म्हणजे?"

राइलीने सांगायचा प्रयत्न केला. जंगल विकत मागायला येणारा, चमचा, खिडकी. फोनवर ते सगळं वेड्यासारखं वाटायला लागलं. पोरगी म्हणाली, "तुमचं दुःख मी समजू शकते." राइलीने फोन ठेवला. मग गावाने अपील केलं. आता सगळे बोलले, ओरडून बोलले, हेइनोसुद्धा. फेटाळलं गेलं. गावाचं म्हणणं आधीच ऐकून झालं होतं.

एप्रिलमध्ये मैदान मऊ पडलं, वर पाणी साचलं. साइमी काठावर बसून स्केटच्या नाड्या सोडवत होती. राइली तिच्याजवळ ओल्या फळीवरच बसली.

"साइमी, त्या दिवशी हात कशाला वर केला होतास?"

"कुठल्या दिवशी?"

"पालिकेची माणसं आली होती तेव्हा."

साइमीने नाडीची गाठ दाताने ओढली. "असंच."

"सांग की. मी नाही रागावणार."

"टॅक्सीत मला उलटी होते, बाई. आजोबांच्या गाडीतही होते. मला विचारायचं होतं, रोज उलटी झाली तर कोणाला सांगायचं."

 राइलीचं ते घोळवलेलं वाक्य या एका प्रश्नापुढे पोकळ होतं. हा प्रश्न त्या दालनात विचारला गेला असता तर तुम्हाला काहीतरी बोलावंच लागलं असतं. पोराच्या प्रश्नाला 'समजलं' म्हणून चालत नाही. आणि तो प्रश्न कोणी दाबला? तुम्ही नाही. राइलीने दाबला, नुसत्या नजरेने. आपल्या पोरांना नीट वळण लावलंय, याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

आता राइली मोठ्या शाळेत शिकवते. नोकरी दिलीत तुम्ही तिला, तुमचे उपकार. सकाळी अंधारात टॅक्सी येते. साइमी उतरते, मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून कचऱ्यात टाकते आणि घंटा होईपर्यंत हीटरजवळच्या बाकावर पांढरीफटक बसून राहते. कोणाला काही सांगत नाही. राइली जवळून जाते तेव्हा हसते. ते हसणं राइलीला सोसत नाही, म्हणून हल्ली ती दुसऱ्या जिन्याने जाते. हेही तिनेच सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही.

साइमीचा वर्ग एका तरुण बाईकडे आहे. मनाने चांगली आहे. डिसेंबरात शिक्षकांच्या खोलीत ती राइलीला म्हणाली, "तुमच्या कोर्पिवाराची मुलं किती समाधानी आहेत हो. काही मागतच नाहीत. कधी हातसुद्धा वर करत नाहीत."

राइली खिडकीतून बाहेर बघत राहिली. चमचा ढवळत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय करतोय ते. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "समाधानी नाहीत ती. साइमीला रोज गाडी लागते. उद्यापासून तिला पुढच्या सीटवर बसवा." तरुण बाई घाबरली. राइलीचा आवाज फार चढला होता. त्या खोलीत असा आवाज कोणी ऐकला नव्हता. साइमी आता पुढे बसते. थोडा फरक पडलाय. फार नाही.

एवढं बोलायला राइलीला दहा महिने उशीर झाला. तो उशीर तिचा, आणि तो ती मरेपर्यंत वाहील, तुम्ही काळजी करू नका. पण सगळाच उशीर तिच्या माथी मारता येणार नाही. तुम्ही तळ्याकाठी वाढलात. तुमच्या बापाकडे कोणी गाय मागायला आलं आणि बाप गप्प बसला, तर गाय गोठ्यात राहिली की गेली, हे तुम्ही लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. बाहेरच्याला कळलं नसतं, तर त्याला माफ केलं असतं. तुम्ही आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवलीत, एकेकावर थांबलात, आणि 'समजलं' म्हणालात. काय समजलं होतं तुम्हाला? बोलून सांगा.