हंबीररावांची निळी खसखस

बाहेरच्या देशात झाडांना ऊब मिळावी म्हणून काचेचं घर बांधतात. हंबीररावांनी झाडांना हुडहुडी भरावी म्हणून बांधलं, तेही कोल्हापुरात, आपल्या घराच्या गच्चीवर, जिथं मार्चमध्ये पापड एका उन्हात वाळतात.

माणूस सगळी नोकरी डेअरीच्या चिलिंग प्लँटवर काढलेला. रिटायर झाल्यावर सिक्कीमच्या टूरला गेले. बाकीची मंडळी याकवर बसून फोटो काढत होती, हे एका निळ्या फुलासमोर उकिडवे बसले ते गाडीवाल्यानं शिव्या घातल्यावरच उठले.

घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "नंदिनी, ते फूल आपल्यात फुलवायचं. ब्लू पॉपी. खसखशीच्या भावकीतलं हाय."

"मग पांढऱ्या रश्शाला खसखस तरी मिळंल का?" नंदिनीनं विचारलं.

त्या विचारण्यातच पुढचं सगळं होतं. बी मागवलं, ते आधी थंडीत ठेवावं लागतं म्हणून डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. पुढच्या रविवारी पावणे आले आणि डबी रश्शात रिकामी झाली. हंबीररावांनी स्वतः दोन वाट्या जास्त घेतल्या आणि "आज रश्शाला काय चव हाय!" असं वर सांगितलं. डबी घासायला पडलेली त्यांना संध्याकाळी दिसली.

दुसऱ्या वेळी रोपं आली, पण ते गावाला गेले आणि इकडं लाईट गेली. रोपांची भाजी झाली. तिसऱ्या वेळी काचेच्या खोलीला दांडगा एसी, इन्व्हर्टर, वर हिरवी जाळी आणि टेबलाखाली बर्फाच्या लाद्या. हंबीरराव कानटोपी घालून आत जायचे आणि बाहेर आले की चष्म्यावर धुकं चढायचं. पार जिन्यापर्यंत चाचपडत यायचे. गल्लीतली पोरं म्हणायची, "काका, खाली कधी आला काश्मीरहून?"

एवढं करून एकच झाड जगलं. खडीत लावलेलं, केसाळ पानांचं, मांजराच्या पिलासारखं. आणि ह्या फेब्रुवारीच्या शेवटी त्याला कळी आली. एकच.

ह्या जातीचं झाड आयुष्यात एकदा फुलतं आणि मरतं. फुलाचं बी धरलं तर पुढं वंश, नाही तर बोंब. हंबीररावांनी चित्रकाराचा बारीक ब्रश आणला. फूल उमललं की त्याचे पराग त्यालाच हलक्या हातानं लावायचे. ब्रश दिवसरात्र खिशात.

कळी उमलायला आली आणि त्याच रविवारी त्यांच्या लेकीचा, निशिगंधाचा साखरपुडा.

"आठवडाभर पुढं ढकलूया का?" हंबीररावांनी घाबरत विचारलं.

"झाडासाठी?" नंदिनी म्हणाली. "पावण्यांना काय सांगू? नवरीच्या बापाला कळी आलीया?"

निशिगंधा म्हणाली, "पप्पा, ती कुठं पळून जात न्हाय. तुमी फकस्त खाली बसा."

दारातच मांडव घातला. नवऱ्या मुलाकडची मंडळी कुरुंदवाडहून आली, दोन गाड्या भरून, घामानं भिजून. नवरदेव ऋतुराज, त्याचे वडील धैर्यशील आणि धैर्यशीलांचे वडील बाळासो, ज्यांना सगळे आबा म्हणत. आबांना गाडीतच चक्कर आलेली. खुर्चीत बसवून टॉवेलनं वारा घालत होते.

आता इथं गप्प बसायचं. पण हंबीररावांना राहवलं नाही. "आबा, खाली भट्टी हाय, पर वर आमच्या काचेच्या खोलीत महाबळेश्वर हाय बगा!"

आबांनी एक डोळा उघडला. "मग मला तितंच टाका की."

मुलीच्या बापानं व्याह्यांच्या वडिलांना नाही म्हणायचं? तेही सगळ्या भावकीपुढं? खाट वर चढली. मागून उशी, तांब्या आणि आबा. हंबीररावांनी धावत जाऊन खाट कुंडीपासून लांब सरकवली, हात जोडले. "आबा, तेवढं ह्या झाडाला धक्का लावू नगासा."

"मी काय शेरडू हाय व्हय?" आबा म्हणाले आणि आडवे झाले.

खाली भटजींनी हंबीररावांना पाटावर बसवलं. डोक्याला फेटा, समोर कलश, उजव्या हाताला नंदिनीचा हात लावलेला. गणपतीची पूजा सुरू झाली आणि खिशातला मोबाईल कोकलला. काचेच्या खोलीत उकाडा वाढला की तो कोकलावा, अशी सोय त्यांनीच करून ठेवलेली.

लाईट गेली म्हणावी तर मांडवातले पंखे गरागरा फिरत होते.

हंबीररावांनी कुजबुजून सांगितलं, "नंदिनी, वरचा एसी बंद झालाय."

"आता तुमी पण व्हा," ती ओठ न हलवता म्हणाली.

मोबाईल पुन्हा कोकलला. हंबीरराव अर्धे उठले. भटजींनी खांद्याला धरून खाली दाबलं. "यजमान, संकल्प सोडलाय. आता उठता येत नाही."

"मग जरा आटपा की, महाराज."

धैर्यशीलांनी ऐकलं आणि खो खो हसले. "बगा बगा! पावण्यांना लेक घालवायची केवढी घाई!" सगळा मांडव हसला. निशिगंधानं बापाकडं असं बघितलं की मोबाईलसुद्धा गप्प झाला. थोडा वेळच.

पूजा झाली, अंगठ्या झाल्या, पेढे झाले. हंबीरराव जिन्याकडं वळले, तर माईकवाल्यानं खाकरून सुरुवात केली, "आता वरपक्षाकडील मान्यवरांचा मानपान." एकेकाचं नाव पुकारायचं, त्यानं लांबून उठून यायचं, हंबीररावांनी त्याला फेटा, टॉवेल आणि नारळ द्यायचा, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडं बघायचं. कुरुंदवाडची भावकी संपतच नव्हती. एक मान्यवर तर नवरदेवाच्या चुलत्याचा ड्रायव्हर निघाला, त्यालाही फेटा बांधला. फोटोग्राफर सारखा ओरडत होता, "काका, हसा की जरा!" आणि खिशातला मोबाईल कोकलून कोकलून शेवटी बॅटरी संपून मेला.

हंबीररावांनी वर पोचून दार उघडलं तेव्हा गारठा अंगावर आला नाही. तिथंच त्यांना कळलं.

आबा झाडांवर घालायचं पांढरं कापड गळ्यापर्यंत ओढून घोरत होते. रिमोट छातीवर. कुंडीत नुसता देठ, वरून मोडलेला.

"आबा!"

"आं? झालं जेवण?"

"एसी का बंद केला ओ?"

"गारठलो की! मी काय दूध हाय व्हय?"

"आणि फूल?"

आबांनी खाटेखालची टोपी काढली. आत चघळून टाकलेल्या कागदासारखं काहीतरी होतं. "पोरीला द्यावं म्हटलं. वास घ्यायला जरा वाकवलं, तर मोडलंच. देठात जीव न्हाय. खत काय घालता ह्याला?"

हंबीरराव खाटेच्या कडेला बसले. खिशातला ब्रश काढला, बघितला, परत ठेवला.

"उमललं तवा तुमी बगितलं?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे? माझ्याम्होरंच उमललं की. उबारा झाला तसं कळीनं मान वर केली. मग म्हशीनं कान झाडावा तशी एक पाकळी सुटली. मग दुसरी. लई मजा वाटली बगा."

"रंग कसला हुता?"

"निळा."

"कसला निळा, आबा?"

आबांनी खूप विचार केला. "आमच्या जुन्या ट्रॅक्टरवानी."

खालून हाक आली, "अहो, व्याही जेवायला थांबल्यात!" हंबीरराव गेले. पंगतीत आग्रह करून वाढलं. सगळ्यांनी सांगितलं, रश्शाला चव हाय.

पुढच्याच आठवड्यात दारात गाडी थांबली. आबा उतरले, दोन वाकळा आणि पानाचा डबा घेऊन. "ह्या उन्हाळ्यात हितंच ऱ्हातो. खोली झकास हाय तुमची."

नंदिनीनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा पुढं झाला. आबांची वळकटी उचलली आणि जिना चढायला लागला.

आता रोज दुपारी आबा एसी लावतात, गारठतात, बंद करतात, उकडलं की लावतात. खडीतल्या मोडक्या झाडाची उरलीसुरली पानं एकेक करून माना टाकतायत. हंबीरराव कानटोपी घालून खाटेशेजारी बसलेले असतात.

"आबा, पयली पाकळी कुठल्या अंगाची सुटली म्हणाला?"

"डाव्या."

"काल उजव्या म्हणालासा."

"मग उजव्या."

"आणि निळा म्हंजे ट्रॅक्टरवानीच न्हवं?"

आबा डोळे मिटून आठवतात. "न्हाय, रेशनच्या रॉकेलवानी हुता वाटतंय. च्या आणा, मग नीट सांगतो."

हंबीरराव उठतात आणि चहा आणायला जातात. रिमोट आबांच्या उशाखाली असतो.