किती मुरू द्यायचं?

मी एक पिंप आहे. लाकडी, पोटाशी फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. माझ्या दोन फळ्या आता खिळखिळ्या झाल्यात आणि खालची लोखंडी कडी गंजून सुटलीय. पाणी धरत नाही. तेव्हा जे सांगायचं ते आताच सांगून टाकतो.

माझा जन्म इथला नाही. थंड मुलखातल्या ओक नावाच्या झाडाच्या फळ्या कुणी कारागिरानं आगीवर शेकून वाकवल्या आणि कड्यांनी आवळून मला उभं केलं. अंगात खिळा नाही, डिंक नाही. त्यामुळे आम्हा लाकडी पिंपांचं एक असतं, आम्ही थोडा श्वास घेतो. बाहेरची हवा अगदी जराशी आत झिरपते. आमचा गुण हाच आणि दोषही हाच.

जहाजातून मी मुंबईच्या गोदीत आलो आणि तिथेच एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलो. राज्यात दारूबंदी होती. मला भरणार कोण? पुढे बंदी सैल झाली, परवाने निघाले, आणि एक दिवस धोतर नेसलेल्या, अंगात कोट घातलेल्या एका गृहस्थांनी माझ्या पोटावर थापा मारल्या, बाजारात म्हशीला मारतात तशा.

"ह्यो ठनठनीत हाय. ह्यो घ्या."

हे चिंचवडचे अण्णासाहेब. बासष्ट साली कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, त्यात यांचीही शेती गेली. लोक नोकऱ्या शोधू लागले, अण्णासाहेबांनी स्वतःच कारखाना काढायचं ठरवलं. बरीच वर्षं खटपट करून त्यांनी बियरचा परवाना मिळवला. कारखान्यातली बियर पोलादी टाक्यांत तयार व्हायची आणि बाटल्यांत भरून जायची. पण अण्णासाहेबांनी ऐकलं होतं की परदेशात लाकडी पिंपात ठेवून पेय मुरवतात. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांना आपण अशी खास बियर द्यायची, हा त्यांचा ध्यास. गोदीतून माझ्याबरोबर आणखी काही पिंपं आणली होती. ती सगळी गळकी निघाली. उरलो मी एकटा.

त्र्याहत्तरचं साल सरलं आणि संक्रांतीच्या सुमारास मला भरलं. नेहमीपेक्षा गडद, जरा कडक बियर. बूच ठोकलं, वर कुंकू लावलं, नारळ फोडला. मग मला गार खोलीत ठेवलं. माझं खरं आयुष्य तिथे सुरू झालं असं मी मानतो.

माझी देखभाल दोघांकडे होती. एक साहेबराव, गार खोलीचे मुख्य आणि कारखान्याचे चाखणारे. माणूस दिलदार, पण गालात कायम तंबाखूचा बार. बार एका गालात सरकवून दुसऱ्या गालानं चाखायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "झकास!" दुसऱ्या होत्या अरुंधतीबाई, प्रयोगशाळेतल्या केमिस्ट. शांत, साडीवर पांढरा कोट घालणाऱ्या. त्या काचेच्या नळीनं थोडी बियर काढायच्या, उजेडात धरायच्या, यंत्रावर तपासायच्या आणि शेवटी डोळे मिटून वास घ्यायच्या. चाखायच्या मात्र नाहीत. घरी सासूबाईंना शब्द दिला होता: नोकरी करीन, थेंब तोंडात घालणार नाही. त्या शब्दावरच विमलबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बियरच्या कारखान्यातल्या नोकरीला होकार दिला होता.

होळीच्या आदल्या दिवशी अण्णासाहेब खोलीत आले. अरुंधतीबाई नळी हातात घेऊन उभ्याच होत्या.

"अण्णासाहेब, ही आता काढायला हवी. झाली तयार."

"एवढ्यात? बाई, आमी आखितीला काढनार. हॉटेलवाल्यांना आवतनं गेली."

"अक्षय तृतीयेपर्यंत फार होईल."

अण्णासाहेब हसले. "तुमच्या घरी लोनचं घातलं का लगेच ताटात वाढता? तांदूळ जुना बरा, गूळ जुना बरा. आमच्या आईनं तुपाचं एक गाडगं इतकं जुनं करून ठेवलंय, की नुसतं छातीला चोळलं तरी खोकला पळतो. मुरू द्या की."

"लोणच्याला मीठ आणि तेल राखतं. परदेशातली कडक दारू तिच्या कडकपणावर टिकते. बियरला तसं राखणारं काही नाही. लाकडात ठेवली तर आधी सुधारते, मग बिघडते. मधला काळ थोडा असतो, तो हुकवून चालत नाही."

"चाखली का तुमी?"

बाईंनी नकाराची मान हलवली. मग म्हणाल्या, "वासावरून सांगते. आमच्या सासूबाई नैवेद्याचा स्वयंपाक करतात. देवाच्या आधी चाखायचं नाही, म्हणून आमटीत मीठ कमी आहे की जास्त ते त्या वासावर ओळखतात. मी त्यांच्या हाताखाली शिकलेय."

साहेबराव दारात उभे होते. "बाई, वासावर नैवेद्य व्हतो. गिऱ्हाईक काय देव हाय व्हय?"

सगळे हसले. अण्णासाहेबांनी हसू आवरलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ते ठाम होते. "ज्यानं चाखली न्हाई त्यानं कशी हाय ते सांगू नये. बरोबर का न्हाई?"

मला सगळं ठाऊक होतं. माझ्याच पोटात होती ती. पण पिंपाला विचारतो कोण?

अरुंधतीबाईंनी नळीतली बियर पेल्यात सोडली. पेला हातात घेऊन त्या थांबल्या. माझ्या फळ्यांना गारठ्यात जो ताण येतो तो मला माहीत आहे, तसाच काहीसा त्यांच्या बोटांत दिसत होता. मग त्यांनी एक घोट घेतला. लगेच गिळला नाही, जिभेवर फिरवला. साहेबरावांनी तंबाखू चघळणं थांबवलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

अण्णासाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"वासाला तयार वाटते, पण जिभेवर लाकूड अजून वेगळं उभं आहे. बियर एकीकडे, लाकूड एकीकडे. एकजीव व्हायची आहेत. गुढीपाडव्यापर्यंत ठेवा. पण पाडव्याला काढाच. त्यापुढे ही उतरणीला लागेल."

मी आतून हललो. इतकं बरोबर माझ्याविषयी कुणीच बोललं नव्हतं. आणि ते त्यांनी स्वतःच्याच म्हणण्याविरुद्ध बोलून दाखवलं. शब्द मोडून जो घोट घेतला, त्यानं त्यांनाच खोटं पाडलं होतं.

अण्णासाहेबांनी मात्र मांडीवर थाप मारली. "मी काय म्हनत व्हतो? ठेवा म्हनत्यात बाई! साहेबराव, ऐकलं का? आता आखितीलाच काढू." वाक्याचा पहिला अर्धा भाग घेऊन ते निघून गेले. दुसरा अर्धा माझ्यापाशी राहिला.

पाडवा आला. बाईंनी आठवण करून दिली, दोनदा दिली. "एवढं थांबलो, आता आनखी थोडं," एवढंच उत्तर मिळालं. पाडव्याच्या सुमाराला मी कसा होतो ते सांगतो. आतलं लाकूड आणि बाहेरून आलेली बियर यांच्यातलं भांडण मिटलं होतं. त्या आठवड्यात कुणी तोटी सोडली असती तर पुण्याची हॉटेलं काय म्हणाली असती, ते मला आजही ऐकायला आवडलं असतं.

नंतर उन्हाळा वाढला. औद्योगिक पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांना वीजकपात लागली, गार खोली दुपारदुपार तापू लागली. माझ्या फळ्यांतून हवा येतच होती. आधी एका बाजूला बारीकसा आंबूस चटका जाणवला. मग तो पसरला. मी काही करू शकत नव्हतो. धरून ठेवणं एवढंच पिंपाचं काम, आणि त्या दिवसांत नेमकं तेच चुकत होतं.

अक्षय तृतीयेला मांडव घातला. हॉटेलवाले आले. अण्णासाहेबांनी स्वतः तोटी सोडली आणि पहिला घोट घेतला. त्यांचा चेहरा चिंच खाल्ल्यासारखा झाला. साहेबरावांनी सवयीनं "झकास!" म्हटलं आणि मग इकडेतिकडे बघितलं. एक पाहुणा अदबीनं म्हणाला, "याचं व्हिनेगर फार छान होईल." दुसऱ्यानं विचारलं, "तुमच्या केमिस्टनं तपासली नव्हती का?"

सगळ्यांच्या माना अरुंधतीबाईंकडे वळल्या. त्या भिंतीशी उभ्या होत्या. अण्णासाहेब एखादा शब्द बोलले असते, तर दोष बाईंच्या नावावर जाऊन बसला असता.

अण्णासाहेबांनी पेला खाली ठेवला. "बाईंनी पाडव्याला काढा म्हनून सांगितलं व्हतं. चाखून सांगितलं. मीच ऐकलं न्हाई." आणि मग तिथेच, "आजपासून चाखायचं काम बाईंचं. साहेबराव, तुमी तंबाखू खा."

साहेबराव मोकळेपणानं हसले. बाई हसल्या नाहीत.

का ते मला पावसाळ्यात कळलं. लाकूड एकदा आंबलं की त्यात घातलेली पुढची बियरही आंबते, म्हणून मला कारखान्याबाहेर काढलं. चिंचवडला तेव्हा नळाला पाणी कमी यायचं. अरुंधतीबाईंनी पाणी साठवायला मला मागून घेतलं, आणि त्यांचे यजमान मुकुंदराव मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. दारात विमलबाई उभ्या होत्या. नऊवारी, कपाळावर कुंकवाची बारीक चिरी. त्यांनी नुसता श्वास घेतला.

"हे घरात नको. मागे ठेवा. झाडांना पाणी घालायला होईल."

तेव्हापासून मी मागच्या अंगणात, कढीलिंबाशेजारी. घरातलं बोलणं खिडकीतून येतं. अरुंधतीबाईंनी चाखली त्याच संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. मे महिन्यात नव्या कामाचंही सांगितलं. विमलबाई ओरडल्या नाहीत. "देवाच्या स्वयंपाकाला तू हात लावायचा नाहीस," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून सणावारी सून ओटीवर बसून भाजी निवडायची आणि सासू आत एकटी रांधायची. दोघींत बोलणं होतं, पण कामापुरतं. अरुंधतीबाई रोज कारखान्यातून येत, माझ्यापाशी उभ्या राहून चुळा भरत, आणि मगच घरात जात.

असे बरेच सण गेले. एका श्रावणात, दुपारी, विमलबाई माझ्यातून तांब्याभर पाणी घ्यायला आल्या. सून बाजूला धुणं पिळत होती. विमलबाईंनी तांब्या बुडवला आणि तशाच थांबल्या.

"कशी लागली गं?"

"काय, आई?"

"तीच. पहिल्यांदा घेतलीस ती."

अरुंधतीबाईंच्या हातातलं लुगडं अर्धवट पिळलेलं राहिलं. "कडू. भाजलेल्या मेथ्या चावल्यासारखी. मागून किंचित गूळ."

"वाईट लागली?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी वाट पाहत होतो.

"नाही, आई. चांगली लागली."

"हे नसतंस सांगितलं तरी चाललं असतं."

"तुम्ही विचारलंत म्हणून."

विमलबाईंनी तांब्यातलं पाणी कढीलिंबाला घातलं. "लग्न झाल्यापासून मी न चाखता रांधलं," त्या म्हणाल्या. "देवाचं झालं, पुरुषांचं झालं, मुलांचं झालं. माझ्या पानात येईपर्यंत सगळं गार झालेलं. ऊनऊन पुरणाची चव कशी असते, ते मी कधी बघितलंच नाही."

अरुंधतीबाईंनी लुगडं पिळून दोरीवर टाकलं.

"उद्या पुरण तू घाट," सासूबाई म्हणाल्या आणि वळल्या. दारापाशी पोचून पुन्हा मागे बघितलं. "चाखायचं नाही हं."

"नाही, आई."

"नैवेद्य दाखवून झाला की मला आधी वाढ. ऊन असताना."

दुसऱ्या दिवशी खिडकीतून वेलदोड्याचा वास आला. सुनेनं हाक मारली, पाट सरकवल्याचा आवाज आला. मी खिडकीकडे कान लावून होतो. शेवटी विमलबाईंचा आवाज आला, "आणखी वाढ."

आता ऐंशीचं दशक लागलंय. अण्णासाहेबांचा कारखाना मुलांनी चालवायला घेतलाय. तिथे सगळी बियर पोलादी टाक्यांतच तयार होते, आणि अरुंधतीबाई अजून तिथेच चाखायला असतात. येत्या थंडीत मला फोडून बंबात घालायचं मुकुंदरावांनी ठरवलंय. माझी तक्रार नाही. ओकचं लाकूड चांगलं जळतं, आंघोळीला पाणी कडकडीत होईल.

फक्त एक मागणं आहे. बियर पिंपात किती दिवस ठेवायची, असं तुम्हाला कुणी विचारलं, तर सणांची नावं सांगू नका. माझ्या बाबतीत पाडवा होता, दुसऱ्या पिंपाला वेगळा असेल. ज्यानं चाखलंय त्याला विचारा. आणि तो बोलू लागला की वाक्य संपेपर्यंत थांबा.

येतो मी.